परबबाई आणि पंचावन्न किलो

माझ्या मुलीचं बारसं होतं. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी, आणि तिच्यातून वाट काढत आमच्या कंपनीतल्या परबबाई पुढे आल्या. त्यांनी बाळाला दोन्ही हातांत घेतलं, किंचित वर उचललं, खाली घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तीन किलो सहाशे."

बाळाचं वजन असं चारचौघांत जाहीर करायचं नसतं, दृष्ट लागते, हे बाईंना बहुतेक कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या सासूबाई तरातरा मीठ-मोहऱ्या आणायला गेल्या. बाईंना वाटलं, आकड्यावरून काहीतरी गैरसमज झालाय. "दुपट्यासकट सांगितलं हां मी," त्या म्हणाल्या. "दुपटं काढलं तर दोनशे ग्रॅम कमी धरा." दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर मुलगी तीन किलो चारशे भरली. बायको म्हणाली, "शेखर, तुझ्या त्या बाई माणूस आहेत की काटा?"

खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं हा प्रश्न होता.

सुलभा परब. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे, तिथे त्या डिझाईनच्या टेबलावर बसायच्या आणि मी टेस्टिंगला. म्हणजे बाईंनी कागदावर काढायचं, पास्कूमामांनी बांधायचं आणि मी तापवून बघायचं. पास्कूमामा आमचे फोरमन. मरोळ गावठाणातलेच, रविवारी चर्च आणि सोमवारी तारेचं वाइंडिंग कधी न चुकवणारे. माझं कामच मुळी दुसऱ्याच्या कामात खोड काढायचं, त्यामुळे बाईंचं आणि माझं रोज वाजायचं. "तुझां काय जातां रे मेल्या 'फेल' लिहायला!" असं त्या मालवणीत बोलल्या की समजायचं, आज प्रकरण गंभीर आहे. शुद्ध मराठीत बोलल्या तर साधी कुरबूर.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे मी पाहुण्यांना सांगतो तसंच सांगतो. लोखंडाचा गाभा, त्याच्याभोवती तांब्याची तार. एका बाजूनं वीज घालायची, दुसऱ्या बाजूनं पाहिजे तेवढ्या दाबाची काढायची. जास्त वीज पाहिजे? मग जास्त लोखंड घाला, जास्त तांबं घाला. आमच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं ते फक्त परबबाईंचं.

"जाड करायला अक्कल लागत नाही," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी. दुसरं वाक्य, "डोकं संपलं की माणूस लोखंड भरतो." हे त्या ट्रान्सफॉर्मरबद्दल म्हणायच्या, लग्नपत्रिकांबद्दल म्हणायच्या आणि आमच्या मालकांच्या भाषणाबद्दलही म्हणायच्या.

बाईंच्या पर्समध्ये अर्धा कंगवा असायचा. अर्धा! "डोकं एक, कंगवा एवढा कशाला?" वर्षाची डायरी महिना संपला की पातळ व्हायची, कारण झालेली पानं त्या फाडून टाकायच्या. डबा एकमजली. त्यात भात आणि कुळथाची पिठी, नाहीतर सुक्या बोंबलाची चटणी, आणि त्या डब्याचा जाड दांडा त्यांनी स्वतः कापून टाकलेला, त्यामुळे गरम डबा धरताना दर वेळी "आई गं!" हे ठरलेलं. कांदिवलीच्या भाजीवाल्यांना तर त्या नकोशा झाल्या होत्या. लोक कमी भरलं म्हणून भांडतात. बाई पिशवी हातात तोलून म्हणायच्या, "अरे, चाळीस ग्रॅम जास्त टाकलंस, काढ." भाजीवाला म्हणायचा, "मावशी, राहू दे ना." बाई म्हणायच्या, "मी का वाहू तुझी भेंडी?"

आता हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की बाई म्हणजे संत. छे! बाई हट्टी होत्या, फटकळ होत्या आणि कधी कधी साफ चुकायच्या. एकदा त्यांना वाटलं की वाइंडिंगच्या पोरींची स्टुलं फार जड आहेत, सरकवताना कमरा जातात. झालं. बाईंनी पातळ पाइपचं एक नवीन स्टूल डिझाईन केलं. पास्कूमामांनी बनवलं. झकास दिसत होतं, एका बोटावर उचललं जायचं. आठवडाभर सगळे कौतुक करत होते. मग मालकांचे मेहुणे कारखाना बघायला आले. माणूस धिप्पाड, आणि स्वभावानं बसका. ते स्टूल बघून म्हणाले, "वा, नवीन वाटतं," आणि बसले.

आवाज असा झाला की मी टेस्टिंगमधून मेन स्विच पाडून धावत आलो. मेहुणे जमिनीवर, स्टुलाचे चारी पाय चार दिशांना. बाई शांतपणे वाकून तुटलेला सांधा बघत होत्या. "सत्तर किलो धरले होते मी," त्या म्हणाल्या. "हे गृहस्थ गणितात नव्हते." त्या वर्षी बाईंना पगारवाढ झाली नाही. पण स्टुलाचा सांधा त्यांनी सुधारला, आणि ती स्टुलं आजही वापरात आहेत.

बाईंचं खरं भांडण मात्र गिऱ्हाइकांशी होतं. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. ट्रान्सफॉर्मर घ्यायला आलेला माणूस आधी कागद बघत नाही. तो पेटीला बुटानं एक दणका देतो. पेटी जागची हलली नाही, की तो खूश. "माल भरलेला आहे," असं म्हणतो. पास्कूमामांनी चाळीस वर्षं हे बुटाचे दणके बघितलेले. हलकी पेटी सरकली म्हणून गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलेलंही त्यांनी बघितलं होतं, त्यामुळे त्यांच्या मनात जड म्हणजे चांगलं हे पक्कं बसलेलं. बाई म्हणायच्या, "पास्कू, लग्नात मुलगी बघताना पण लाथ मारून बघता काय रे तुम्ही लोक?" मामा छातीवर क्रॉस करायचे आणि हसायचे.

अशा वातावरणात ती ऑर्डर आली. इलेक्ट्रिक बस रस्त्यात बंद पडली, तर तिथल्या तिथे चार्ज करायला एक गाडी पाठवायची, असं एका कंपनीच्या डोक्यात होतं. गाडीवर बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक सामान आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर. आमच्या नेहमीच्या पद्धतीनं एवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर केला असता तर तो टनाच्या घरात गेला असता. मग गाडी त्यालाच वाहत बसणार. मालकांनी हात वर केले. बाईंनी टेबलाचा खालचा खण उघडून एक कागदांचा गठ्ठा काढला. हा ट्रान्सफॉर्मर त्या अकरा वर्षं फावल्या वेळात काढत होत्या. कोणी मागितलेलाच नव्हता.

मला काही कळेना तेव्हा त्यांनी समजावलं. "तुला विहिरीतून टाकी भरायची आहे. मिनिटाला एकच खेप मारायची असेल तर बादली केवढी लागेल? पिंपाएवढी. आणि भराभर हजार खेपा मारल्यास तर?"

"तर तांब्या पुरेल."

"आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास खेपा मारते. मी वीस हजार मारायला लावणार. गाभा एवढुसा होईल."

"मग सगळे असंच का करत नाहीत?"

"कारण एवढं धावल्यावर घाम येतो रे! तापतो तो. आणि एवढुसा असल्यामुळे गरमी बाहेर जायला जागा नाही. हलका करणं सोपं आहे, गार ठेवणं कठीण."

त्यासाठी मग कागदाहून पातळ धातूच्या पट्टीचा गाभा आला, हातातून पडला तर काचेसारखा फुटणारा. तार एक जाड न घेता केसासारख्या शेकडो तारांची वेणी आली, कारण एवढ्या वेगात वीज तारेच्या पोटात शिरत नाही, सालीसालीनंच जाते. आणि तळाला जाळी, तिच्यातून पंख्याची हवा वर. वजन किती? पंचावन्न किलो. पास्कूमामांनी ड्रॉइंग उलटं करून बघितलं, मागे अजून काही आहे का म्हणून.

मालक म्हणाले, "बाई, तुम्ही मार्चमध्ये रिटायर होताय. करून बघा. पण गिऱ्हाईक यायच्या आत हा पास झाला नाही, तर मी बाहेरून तयार डिझाईन घेणार आणि डिझाईनचं टेबलच बंद करणार. परवडत नाही यार." अकरा वर्षं आणि एक टेबल, सगळं त्या पंचावन्न किलोवर येऊन बसलं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

पास्कूमामांनी तो जीव लावून बांधला. मी टेस्टला घेतला. पूर्ण ताकदीनं सहा तास चालवायचा आणि तापमानाची रेघ स्क्रीनवर मर्यादेच्या खाली आडवी व्हायला हवी. सकाळी दहाला सुरू केला. बाई शेजारी उभ्या. रेघ चढली, चढली, आडवी व्हायचं नावच घेईना. साडेअकराला घंटा वाजली आणि मशीन आपोआप बंद पडलं. मला 'फेल' लिहावं लागलं. बाई मालवणीत काहीच बोलल्या नाहीत, शुद्ध मराठीतही नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

तीन दिवस त्या सगळं गणित पहिल्यापासून करत होत्या. माझा टेस्ट रिपोर्ट समोर ठेवून एकेक आकडा तपासला. वजन पंचावन्न, बरोबर. दाब बरोबर. हवा बरोबर. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेखर, माझं कुठेतरी चुकलंय आणि मला ते दिसत नाहीये. पूर्वी दिसलं असतं." ज्या बाईशी मी पंधरा वर्षं भांडलो, ती अशी हार मानते हे मला बघवेना. मग त्यांनी पास्कूमामांना हाक मारली आणि ज्या वाक्यासाठी त्यांनी आम्हाला आयुष्यभर फटकावलं तेच वाक्य स्वतः बोलल्या, "जाड करू या. तांबं वाढव."

ट्रान्सफॉर्मर उघडायला वाइंडिंगकडे न्यायचा होता. ट्रॉली मामा ढकलणार होते, पण मामा का कोण जाणे, जागचे हलेनात. बाई वैतागल्या, "सर बाजूला," म्हणाल्या आणि स्वतः ट्रॉलीला हात लावला. दोन पावलं ढकलली. थांबल्या. मागे ओढली. परत पुढे ढकलली.

"ह्यो माझो न्हय," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, तुमचाच आहे," मी म्हणालो.

"माका सांगतंस? काट्यावर घे."

तांब्याचं भंगार मोजायचा काटा आहे आमच्याकडे. त्यावर घेतला. त्र्याहत्तर किलो. बाईंनी माझा रिपोर्ट माझ्यासमोर धरला. "इथे पंचावन्न लिहिलंयस तू. केलं होतंस वजन?"

आता काय सांगू! आमच्या रिपोर्टात वजनाचा एक रकाना असतो. तो आम्ही कायम ड्रॉइंगवरूनच भरतो. मी भरतो, माझ्या आधीचा भरायचा, त्याच्या आधीचाही. कोण एवढा टनाचा माल उचलून काट्यावर ठेवतो? पण हा टनाचा नव्हता, दोघांत उचलला गेला असता. सवयीनं मी लिहून मोकळा झालो. ज्याचं सगळं महत्त्व वजनात होतं, त्याचं वजनच मी केलं नव्हतं. लाज वाटली मला, अजून वाटते.

"ड्रॉइंगवरून घेतलं बाई," मी म्हणालो.

बाई काही बोलणार, तेवढ्यात मागून पास्कूमामांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाय, त्याला नको बोलू. तळाला प्लेट मी टाकली."

"कसली प्लेट?"

"लोखंडी. आतून, पेंट मारून. गिऱ्हाईक येऊन लाथ मारणार, आणि हा सरकला तर तुझी वाट लागली असती ना! टेबल गेलं असतं तुझं. मी म्हटलं, थोडा वजनदार वाटू दे. प्लेटीत काय, ती तर नुसती बसून राहील." मामा हातातली टोपी चुरगाळत होते. "फेल झाला तेव्हा मला वाटलं, प्लेटीचा काय संबंध? आणि मग सांगायचं धाडस नाही झालं."

बाईंनी खाली बसून तळाला हात घातला. जाळीच्या वरच बसवली होती प्लेट. हवेचा रस्ता अर्धा बंद. आणि त्याहून वाईट म्हणजे एवढ्या वेगानं धावणाऱ्या विजेच्या तारेजवळ लोखंड. इंडक्शनच्या शेगडीवर तवा ठेवतो, अगदी तसंच. प्लेट स्वतः तापली आणि वरचं सगळं भाजून काढलं.

"मेल्या पास्कू," बाई ओरडल्या, "माझ्या ट्रान्सफॉर्मराखाली शेगडी ठेवलंस?"

मामा रडायला लागले. मला वाटलं, आता बाई पाना फेकून मारणार. बाई तिथेच जमिनीवर फतकल मारून बसल्या. "म्हणजे माझां बरोबर होतां," त्या म्हणाल्या. मग परत, "अरे, माझां बरोबर होतां!" आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामांना हाताला धरून शेजारी बसवलं. "गाढवा, चाळीस वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढं केलं नाही. परत करू नकोस."

प्लेट काढली. वजन केलं, पंचावन्न किलो आणि वर थोडे ग्रॅम. बाई म्हणाल्या, वार्निश जास्त लावलंय. दुसऱ्या दिवशी परत टेस्टला घेतला. बारा वाजता रेघ वाकली, एकच्या सुमारास आडवी झाली आणि सहा तास पुरे होईपर्यंत तशीच राहिली. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मामांनी क्रॉस केला, मी 'पास' लिहिलं, आणि बाईंनी माझ्या हातातून पेन घेऊन वजनाच्या रकान्याखाली स्वतः एक रेघ मारली.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. त्यांचा इंजिनिअर तरुण, घाईतला. तो पेटीसमोर उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "बस, एवढाच? बाकीचा कुठाय?"

मामांचा चेहरा पांढरा पडला. मालक काहीतरी सारवासारव करायला पुढे आले. पण बाईंकडे बघायला हवं होतं तुम्ही! आयुष्यात असा खूश चेहरा मी कोणाचा बघितलेला नाही. नवऱ्या मुलीसारख्या लाजल्या हो त्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी. "एवढाच," बाई म्हणाल्या. "बाकीचा लागत नाही."

त्यानं सगळे कागद बघितले, रेघ बघितली आणि मालकांना विचारलं, डिझाईन कुठून आणलं. मालक घुटमळले. मालकांसमोर कधी तोंड न उघडणारे पास्कूमामा म्हणाले, "आणलं कुठून? ही काय, ही उभी आहे."

क्रेन आणायला कोणी गेलंच नाही. मी आणि मामांनी दोन बाजूंनी धरून तो टेम्पोत ठेवला.

नंतर मार्चमध्ये निरोप समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. मालक भाषणात म्हणाले, डिझाईनचं टेबल चालू राहील. ते सगळं ठीक. पण बाईंचा निरोप मला आठवतो तो त्या सोमवारचा. टेम्पो गेटबाहेर निघाला आणि इस्टेटच्या वळणावर अडकला. मरोळच्या त्या रस्त्याला दुपारी काय गर्दी असते, विचारू नका. रिक्षा तिन्ही बाजूंनी घुसलेल्या, कोणी मागे व्हायला तयार नाही. बाई गेटमधून तरातरा चालत गेल्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर केला. "थांबा रे! माझी गाडी जाऊ दे आधी!"

रिक्षा थांबल्या. टेम्पोनं वळण घेतलं आणि अंधेरी-कुर्ला रोडच्या दिशेनं गेला. दिसेनासा झाला. बाईंचा हात वरच होता. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट, एक रिक्षावाला ओरडतोय, "आजी, गेली ना गाडी, चला!" आणि बाईंना ऐकूच येत नव्हतं. मामा त्यांना हाक मारायला निघाले होते. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, राहू दे मामा, थांबू दे अजून थोडा वेळ सगळ्यांना.